पाचगणीच्या घरासाठी फुकटचं जळण: कुठून आणायचं, कसं फोडायचं, कुठं रचायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी. पाचगणीजवळ जुनं कौलारू घर घेतलंत. बैठकीच्या खोलीत दगडी फायरप्लेस आहे, न्हाणीत तांब्याचा बंब आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि पौष-माघात रात्री बोचरी थंडी पडते. आजूबाजूला पडलेलं लाकूड भरपूर दिसलं म्हणून जूनच्या तोंडावर ते गोळा केलंत, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलंत आणि जुलैत पेटवायला गेलात, तर नुसतं धुमसत राहिलं. आता तुम्हाला विचारायचंय की फुकटचं लाकूड आणायचं कुठून, त्यातलं चांगलं कुठलं आणि रचायचं कसं.

लाकडात फारसा दोष नव्हता, वेळ चुकली. घाटमाथ्यावर जळणाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मृगाला संपतं. या सात-आठ महिन्यांत जे कापून, फोडून, वाऱ्यावर रचून झालं तेच पुढच्या पावसाळ्यात जळतं. होळीनंतर हाती आलेलं ओलं लाकूड पुढच्या वर्षाच्या खात्यात टाकायचं, मग ते कितीही चांगलं दिसो. फुकटचं लाकूड मिळवणं यात सगळ्यात सोपं काम आहे. ते वाळवायला लागणारा उन्हाळा मात्र विकत मिळत नाही.

ओलं लाकूड का जळत नाही, ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. १० किलो ओलं लाकूड आणलंत तर त्यात ५ किलो पाणी आलं. ते पाणी वाफ होऊन जायला साधारण ३,००० किलोकॅलरी लागतात आणि कोरडं लाकूड किलोला ४,५०० च्या आसपास देतं. म्हणजे उरलेल्या ५ किलोतलं जवळपास पाऊण किलो लाकूड नुसतं पाणी उडवण्यात गेलं. एवढ्यानं फार बिघडलं नसतं. खरं नुकसान वेगळंच आहे. पाणी उडत असेपर्यंत जाळ तापतच नाही. लाकूड तापलं की त्यातून जो वायू सुटतो, त्याला पेट घ्यायला लागणारी आच मिळत नाही आणि तो तसाच धूर होऊन वर जातो. धूर म्हणजे न जळलेलं जळण. तोच धूर गार चिमणीच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो आणि थर जाड झाला की एखाद्या दिवशी चिमणीच आतून पेट घेते. कौलाखाली जुने लाकडी वासे असलेल्या घरात ही फार मोठी आपत्ती आहे. म्हणून ज्या लाकडात २० टक्क्यांहून जास्त पाणी आहे ते घरात पेटवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लाकूड कुठून आणायचं ते. सगळ्यात आधी, कुठून आणायचं नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला, स्वतःच्या आवारातलं असलं तरी, शहरी भागातल्या झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. हद्दीबाहेर खासगी जमिनीवर १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर ही त्याच्या यादीतली, परवानगीशिवाय न तोडायची झाडं आहेत. सरकारी जंगलातून परवानगीशिवाय काही आणू नका. कोयनेच्या अभयारण्यात तर पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही. रस्त्याकडेची झाडं सरकारी असतात, वादळानं आडवी झाली तरी ती तुमची होत नाहीत. आपल्या आवारात झाड पडलं आणि त्याचं लाकूड दुसरीकडे न्यायचं असलं, तर गाडी भरण्याआधी वनरक्षकाला विचारा. नंतरच्या धावपळीपेक्षा एक फेरी परवडते.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जावळीत, पाटणला, महाबळेश्वरच्या खालच्या वाड्यांमधून आजही बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरताना दिसतात. गॅस घरात आला तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, त्यामुळं चूल पेटतेच. गावाजवळच्या वाळक्या फांद्यांवर पहिला हक्क त्यांचा. आपण फायरप्लेसच्या उबेसाठी त्यांच्या वाटेवरची फाटी उचलू नयेत. तसंच ढोली असलेलं वाळकं उभं झाड आपल्या आवारात असेल आणि घरावर पडायची भीती नसेल, तर ते राहू द्या. पिंगळे, सुतारपक्षी, धनेश यांना घरटी करायला ढोल्या लागतात.

एवढं सोडूनही भरपूर उरतं. पाचगणीत इंग्रजी काळापासून लावलेले सिल्व्हर ओक बंगल्या-बंगल्यांत आहेत. परवानगी घेऊन त्यांची छाटणी होते, तेव्हा फांद्या उचलून नेणारा कुणी भेटला तर मालकाला बरंच वाटतं. पावसाळ्याआधी विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या तोडल्या जातात. ज्याच्या आवारातल्या असतील त्याला विचारून न्याव्यात. मात्र हे काम बहुधा एप्रिल-मेमध्ये होतं, म्हणून ते लाकूड पुढच्या वर्षाचं. खाली वाईच्या बाजूला शेतकरी बांधावरची सुबाभूळ आणि गिरिपुष्प दरवर्षी छाटतात. सुबाभूळ हे माझं आवडतं जळण आहे. लवकर वाढतं, सरळ फुटतं, वाळतं पटकन आणि निखारा चांगला धरतं. ज्याच्या शेताला सावली पडते त्याची सुबाभूळ तोडून द्या, लाकूड तुमचं, असा सौदा सहज ठरतो.

माण, खटाव, आटपाडी, जतकडं येडी बाभूळ माजलेली आहे. पडीक रान मोकळं करायला शेतकरी ती फुकट नेऊ देतात. जळण म्हणून तिच्याइतकं चांगलं लाकूड थोडं. त्या भागात तिचा कोळसा पाडतात तो उगीच नाही. पण शंभर किलोमीटरवरून पिकअप भरून पसरणीचा घाट चढवायचा, तर डिझेल आणि भाडं धरून ते फुकट राहत नाही. त्या भागात तुमची ये-जा असेल, परतीची गाडी रिकामी येत असेल, तरच विचार करा. काटे टायरमधून आणि बुटातून आरपार जातात, हेही लक्षात असू द्या.

सांगलीकडं, तासगाव-पलूसला, जुन्या द्राक्षबागा काढतात तेव्हा वेलींची खोडं ढिगानं निघतात. ती चिवट, घट्ट असतात आणि संथ जळतात. साल सोलून, एक पावसाळा उघड्यावर धुऊन घेऊन मगच मी ती वापरतो. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या मात्र घरात जाळू नका. हंगामभराच्या फवारण्या त्यांच्यावर बसलेल्या असतात. त्या बागेतच कुजवलेल्या बऱ्या. कृष्णेच्या पुरानं काठाला आणून टाकलेलं लाकूडही दिसतं, पण त्यात वाळू इतकी शिरलेली असते की करवतीचे दात एका दिवसात जातात.

सुताराकडचे तुकडे आणि शिरवळ, सातारा, कुपवाडच्या एमआयडीसीतून निघणारे माल ठेवायचे लाकडी पॅलेट हाही चांगला साठा आहे, कारण ते आधीच वाळलेले असतात. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूनं, ते नको. खूण नसलेलं, रंगवलेलं, तेल सांडलेलं नको. प्लायवूड, एमडीएफ, सनमाईका लावलेल्या फळ्या आणि रेल्वेचे जुने स्लीपर यांना चुलीपासून, बंबापासून, फायरप्लेसपासून लांबच ठेवा. त्यातला डिंक आणि डांबर फुफ्फुसात जातं.

झाडांची ओळख नसेल तर एखाद्या स्थानिक माणसाला घेऊनच फिरा. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो हे सगळ्यांना माहीत आहे, त्याचा धूरही तसाच त्रास देतो. कण्हेर, शेर, थोर नकोच. टेबललँडच्या बाजूला रामेठ्याची झुडपं भरपूर आहेत. ते झाड विषारी आहे, पूर्वी मासे गुंगवायला वापरायचे. तेही नको. घाणेरी मात्र मुळासकट काढा आणि खुशाल वापरा. वाळली की तिच्या काड्या पेटवणासाठी उत्तम आणि जमीनही मोकळी होते. वाळलेली कारवी आपल्या आवारात असेल तर तीही तशीच.

बाकी लाकडांचं मोजक्यात सांगतो. बाभूळ, बोर, चिंच, सुरू यांचा निखारा रात्रभर टिकतो. जांभूळ आणि अंजनी जड आणि घट्ट, वाळायला वेळ घेतात. सिल्व्हर ओक हलका, लवकर पेटतो, लवकर संपतो. त्याच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच कापा. आंबा मध्यम, धूर जरा जास्त. पांगारा, शेवगा, सावर म्हणजे नुसता जाळ, ऊब नाही. वड-पिंपळ बहुतेक घरांत जाळत नाहीत. ते पाळा, जळण म्हणूनही त्यांत राम नाही.

लाकूड घरी आलं की ते ओंडक्यांच्या रूपात एक दिवसही जास्त ठेवू नका. पाणी लाकडात धाग्याच्या दिशेनं वाहतं. झाड उभं असताना ते मुळाकडून शेंड्याकडं चढतं, तोडल्यावर त्याच वाटेनं कापलेल्या तोंडातून बाहेर पडतं. आडव्या दिशेनं, सालीतून, ते फार सावकाश निघतं. म्हणून लांब ओंडका दोन वर्षं पडला तरी मधे ओला राहतो, आणि तोच फूट-सव्वा फुटाचे तुकडे करून चिरला तर एका उन्हाळ्यात वाळतो. फायरप्लेसची खोली मोजा आणि त्याहून चार बोटं कमी लांबी धरा. मनगटापेक्षा जाड काहीही अख्खं ठेवायचं नाही, किमान एकदा फोडायचंच. बंबासाठी बंबफोड वेगळी करा, वीतभर लांब आणि दोन बोटं जाड. बंबाच्या नळ्यात जाड तुकडा अडकला की वारा कोंडतो आणि न्हाणीत धूर होतो.

फोडायचं ते ओलं असतानाच. नीलगिरी तर आणल्या दिवशीच फोडा. वाळल्यावर तिचे पिळलेले धागे कुऱ्हाड धरून ठेवतात. चिंचेचा बुंधा हा प्रकार निराळा, त्याला लोखंडी पाचर आणि घणच लागतो. मधोमध घाव घालू नका, कडेनं ढलप्या काढत आत या. खाली गुडघ्याएवढ्या उंचीचा ठोकळा ठेवा, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात बसते, नडगीवर येत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, पायात बूट घाला आणि समोर कुणाला उभं करू नका. मशीनची करवत कधी हातात धरली नसेल तर तेवढ्यापुरता जाणता माणूस लावा.

आता रचणं. हे नीट वाचा, कारण तुमची ताडपत्री इथंच नडली.

पाचगणीला पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात तो पूर्व-ईशान्येकडून कोरडा येतो. म्हणून रास घराच्या पूर्वेच्या अंगाला घ्या. घराच्या आडोशानं पावसाचा मारा चुकतो आणि हिवाळ्याचा वारा सरळ मिळतो. रास दक्षिणोत्तर लांब धरा, म्हणजे लाकडांची कापलेली तोंडं पूर्व-पश्चिमेला येतात आणि वारा त्यांच्यातून आरपार जातो. भिंतीला टेकवू नका, दोन हात अंतर ठेवा. नाहीतर वाळवीला घरात यायला पूल मिळतो आणि घराला ओल मिळते.

जमिनीवर थेट काही ठेवायचं नाही. जांभ्याचे चिरे दोन रांगांत मांडा आणि त्यावर लोखंडी अँगल किंवा जाड वासे आडवे टाका, जमिनीपासून अर्धा फूट तरी उंच. रास एका लाकडाच्या लांबीइतकीच रुंद, एकच ओळ. दुसरी ओळ हवी असेल तर मधे वीतभर फट सोडा. दोन्ही टोकांना आडवे-उभे थर घालून चौकोनी खांब उभारा, मधली लाकडं त्यांना रेटून बसतात. उंची छातीपर्यंत, त्यावर गेलात तर ती आज ना उद्या ढासळते. दाबून, फटी बुजवून रचायचा मोह होतो, तो आवरा. उंदीर फिरेल एवढी फट असली पाहिजे. सगळ्यात वरच्या थराची साल वरच्या बाजूला ठेवा.

दसऱ्यापासून एप्रिलपर्यंत रास उघडी ठेवा. रोजच्या दवाची काळजी नको, दहा वाजेपर्यंत ऊन ते उडवतं. वळीव यायला लागले की फक्त माथ्यावर पत्रा टाका, दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर येईल असा, वर दगड. बाजू मोकळ्याच. ताडपत्रीनं चहूबाजूंनी गुंडाळलं की लाकडातून निघालेली वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन परत लाकडावर पडते आणि पंधरा दिवसांत बुरशी धरते.

मेच्या मध्यावर मात्र सगळं छपराखाली हलवायचं. घाटातल्या पावसाला नुसता वरचा पत्रा पुरत नाही, तो आडवा येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, पण धुकं तेच. पश्चिम आणि दक्षिण बाजू गवताच्या कुडानं किंवा पत्र्यानं बंद करा, पूर्व बाजू उघडी. आणि हेही ध्यानात घ्या की थेंब पडला नाही तरी लाकूड हवेतली ओल पितं. एप्रिलच्या कोरड्या हवेत ७-८ टक्क्यांवर आलेलं लाकूड जुलैच्या धुक्यात छपराखालीच हळूहळू २० टक्क्यांकडं सरकतं. म्हणून आठवड्याचं जळण घरात, फायरप्लेसपासून तीन-चार फुटांवर आणून ठेवत जा. आजच्या जाळाच्या उबेवर पुढच्या आठवड्याचं लाकूड सुकतं. त्याहून जवळ नको, ठिणगी उडते.

वाळलंय की नाही हे ओळखायला माझी खात्रीची रीत वजनाची आहे. राशीतल्या मधल्या जागेची दोन लाकडं खूण करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ताणकाट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की त्या ऋतूत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. ओलावा मोजायचं यंत्र घेतलंत तर लाकूड फोडून आतल्या ताज्या भागावर लावा, बाहेरून लावलेला आकडा फसवा असतो. तोंडाला तडे गेलेत, साल सुटतेय आणि दोन लाकडं आपटली की टणत्कार येतो, या खुणा आहेतच.

किती लागेल? उघड्या फायरप्लेसला चार तासांच्या संध्याकाळी साधारण १० किलो धरा. पावसाळा आणि थंडी मिळून शंभर संध्याकाळी म्हटलं तर टनभर. ५ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट उंच म्हणजे एक ब्रास. मोकळ्या फटींसह रचलेलं बाभळीसारखं जड, वाळलेलं लाकूड ब्रासला सव्वा टनाच्या पुढं जातं, सिल्व्हर ओक टनाच्या आसपास. दोन वर्षांच्या दोन राशी, म्हणजे दोन ब्रास जागा आखून ठेवा. पातळ फोडलेला सिल्व्हर ओक आणि सुबाभूळ एका उन्हाळ्यात तयार होते. बाभूळ, चिंच, जांभूळ दुसऱ्या वर्षाच्या राशीत टाका. पुढं कधी जमलं तर बंद लोखंडी स्टोव्ह बसवून घ्या. उघडी फायरप्लेस बहुतेक ऊब चिमणीतून बाहेर टाकते, बंद स्टोव्हला तेवढ्याच उबेसाठी निम्म्याहून कमी लाकूड पुरतं.

राशीला हात घालताना वरून लाकूड उचला, फटीत बोटं घालू नका. उंदरांच्या मागं घोणस, नाग, मण्यार येतात आणि विंचू तर असतातच. अंधारात बॅटरीशिवाय जळण आणायला जाऊ नका, मुलांना पाठवू नका. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

चिमणी दसऱ्याला एकदा आणि मेमध्ये एकदा झाडून घ्या, पाखरांची घरटी असतात. पहिल्यांदा पेटवताना वर्तमानपत्राचा बोळा जाळून धूर वर खेचला जातोय का बघा. खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून दारं-खिडक्या लावून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. फायरप्लेस पेटलेली असतानासुद्धा एक खिडकी दोन बोटं उघडी हवी. राख लोखंडी डब्यात, झाकण लावून, घराबाहेर ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो.

यंदाच्या पावसाळ्यापुरतं लाकूड वखारीतूनच घ्या, कारण तुमच्याकडचं आता फोडलंत तरी दसऱ्यानंतर वाऱ्यावर रचून पुढच्या वर्षीच कामाला येईल. वखारवाला वाळलेलं आहे म्हणेल. तोलण्याआधी राशीच्या मधलं एक लाकूड काढून फोडायला सांगा आणि आतला ताजा भाग गालाला लावून बघा. गार लागला तर ते ओलं आहे, दुसरी वखार बघा.